स्टॉकहोम : तीन दिवस आणि मोजकी बेटं

युरोपातल्या छोट्या सहलींविषयी प्रश्न मागवले, तेव्हा स्वीडनच्या राजधानीबद्दल इतकी पत्रं आली की हा भाग पूर्णपणे तिलाच दिला आहे. बरेच प्रश्न एकाच घोळातून आलेले दिसतात, म्हणून पहिलं उत्तर थोडं लांबलं आहे. ते सगळ्यांनीच वाचावं.

प्रश्न : जूनच्या मध्यावर चार रात्री, म्हणजे पूर्ण तीन दिवस, स्टॉकहोममध्ये आहोत. बरोबर सासू-सासरे आहेत. दोघंही सत्तरीचे, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. याद्यांमध्ये तीस-चाळीस ठिकाणं दिसतात. काय घ्यावं, काय सोडावं? (ठाणे)

याद्या बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. हे शहर चौदा बेटांवर वसलं आहे. एका बाजूला मेलारेन सरोवराचं गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र. नकाशावर दोन ठिकाणं शेजारी दिसतात, पण मध्ये पाणी असतं आणि पूल पलीकडच्या टोकाला. यादीच्या क्रमाने फिरणाऱ्यांचा निम्मा दिवस पुलांवर आणि स्थानकांत जातो. म्हणून एका दिवसाला एक बेट, फार तर दोन, असा हिशेब ठेवा.

पहिला दिवस गामला स्तान, म्हणजे जुन्या शहराचं बेट. सकाळी नऊच्या आधी पोहोचलात तर गल्ल्या रिकाम्या मिळतात, अकरानंतर मोठ्या जहाजांचे पर्यटक येतात. स्तूरतोरिएत हा मधला चौक. 1520 साली डॅनिश राजाने इथे स्वीडिश सरदारांची कत्तल केली होती. आज तिथेच नोबेल पारितोषिक संग्रहालय आहे. त्याच्या उपाहारगृहात खुर्ची उलटी करून बघा, बैठकीच्या खालच्या बाजूला पारितोषिकविजेत्यांच्या सह्या आहेत. रवींद्रनाथांना 1913 साली पारितोषिक मिळालं, पण ते समारंभाला आले नव्हते. त्यांचं व्याख्यान इथे 1921 साली झालं. 2019 सालचे अर्थशास्त्राचे मानकरी अभिजित बॅनर्जी मुंबईत जन्मलेले आणि त्यांच्या आई मराठी, हेही त्या दालनात उभं राहून आठवायला हरकत नाही. राजवाड्याच्या बाहेरच्या आवारात पहारा बदलण्याचा सोहळा उन्हाळ्यात रोज होतो. इतर दिवशी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास आणि रविवारी एक तास उशिरा. पुढे उभं राहायचं तर अर्धा तास आधी जा. सासूबाईंना मात्र तासभर उभं ठेवू नका. या बेटावर सगळीकडे दगडी फरसबंदी आणि चढ आहे, गुडघे आधीच कुरकुरायला लागतील. दुपारनंतर छोटा पूल ओलांडून रिद्दारहोल्मेनला जा. तिथला पाण्याकाठचा कट्टा सपाट आहे, बाकं आहेत, आणि समोर नगरभवन दिसतं. शहराचा सर्वांत सुंदर देखावा इथे एकही पायरी न चढता मिळतो.

दुसरा दिवस यूर्गोर्डेन बेटाचा. मध्यवर्ती भागातून सात नंबरची ट्राम थेट जाते. सकाळी वासा या बुडालेल्या जहाजाचं संग्रहालय, दुपारी स्कान्सेन. आर्तुर हाझेलियस यांनी 1891 साली सुरू केलेलं हे खुलं संग्रहालय. स्वीडनभरातून दीडशेच्या आसपास जुनी घरं इथे आणून पुन्हा उभी केली आहेत, शिवाय मूस, अस्वलं, लांडगे असे उत्तरेकडचे प्राणी आहेत. जागा टेकडीवर आहे, पण मुख्य दरवाजातून आत गेल्यावर सरकता जिना वर नेतो. आधी वर जा आणि मग उतरत या, हा क्रम पाळा. परतताना ट्राम नको, 82 नंबरची फेरीबोट घ्या. दहा-एक मिनिटांत ती जुन्या शहराशेजारच्या स्लुसेनला सोडते आणि मेट्रोचंच तिकीट तिला चालतं. वेगळी पर्यटन-बोट घेण्याआधी ही फेरी जरूर करा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नगरभवन. आत एकट्याने हिंडता येत नाही, मार्गदर्शकाबरोबर पाऊण तासाची फेरी असते, तिकीट आधी काढा. 1923 साली पूर्ण झालेली ही रॅग्नार ओस्टबेरी यांची वास्तू. निळं दालन निळं नाही. विटांना निळा रंग द्यायचा होता, पण उघड्या लाल विटा पाहून वास्तुशिल्पकाराचं मन बदललं, नाव मात्र राहिलं. नोबेलची मेजवानी 10 डिसेंबरला याच दालनात होते. वरच्या सोनेरी दालनात 1 कोटी 80 लाखांहून अधिक तुकड्यांचं मोझेइक आहे. 106 मीटर उंच मनोरा फक्त उन्हाळ्यात उघडा असतो. लिफ्ट अर्ध्यापर्यंतच जाते, तेव्हा तो तरुणांनीच चढावा. नगरभवनाच्याच धक्क्यावरून ड्रॉटनिंगहोल्म राजवाड्याची बोट सुटते, साधारण पन्नास मिनिटं लागतात. राजघराणं 1981 पासून तिथे राहतं. बागेतलं 1766 सालचं नाट्यगृह आपल्या मूळ लाकडी यंत्रणेसह आजही टिकून आहे. येताना बस आणि मेट्रोने या, स्वस्त पडतं आणि लवकर होतं.

सोडायचं काय? दोन संग्रहालयांच्या पलीकडचं तिसरं. आणि या वेगाने फिरणार असाल तर सगळ्या ठिकाणांचा मिळून जो पर्यटक-पास असतो तोही सोडा. रोज तीन-चार सशुल्क ठिकाणं उरकणाऱ्यालाच तो परवडतो.

तारखांबद्दल एक इशारा. 19 ते 25 जूनच्या दरम्यानचा शुक्रवार म्हणजे मिडसमर या स्वीडिश उन्हाळी सणाची पूर्वसंध्या. त्या दिवशी आणि शनिवारी दुकानं, उपाहारगृहं, बरीच संग्रहालयं बंद असतात आणि शहर ओस पडतं. तुमचे दिवस त्यात येत असतील तर तो शुक्रवार स्कान्सेनला ठेवा. तिथे पानाफुलांचा खांब उभारून नाच होतो.

प्रश्न : आर्लांडा विमानतळावरून शहरात कसं जावं? चौघं आहोत, चार मोठ्या बॅगा. (नाशिक)

विमानतळ शहराच्या उत्तरेला सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. वेगवान गाडी, आर्लांडा एक्स्प्रेस, अठरा-वीस मिनिटांत मध्यवर्ती स्थानकात पोहोचवते. सर्वांत महाग तीच, पण एकत्र तिकीट काढल्यास माणशी दर उतरतो. विमानतळाच्या बसला पाऊण तास लागतो, बॅगा खालच्या कप्प्यात जातात. चौघांना सोयीची हीच.

लोकल गाडीबाबत बरेच जण फसतात. चाळीसेक मिनिटांत शहरात येते, साधं शहराचं तिकीट लागतं, असं वाचून लोक निघतात. पण आर्लांडा स्थानकात जाण्या-येण्यासाठी त्या तिकिटाव्यतिरिक्त वेगळं शुल्क आहे, आणि ते शहराचा तीन किंवा सात दिवसांचा पास असला तरी भरावंच लागतं. ते वाचवायचं असेल तर 583 नंबरची बस घेऊन मेर्श्टाला जा आणि तिथून लोकल पकडा. एकूण तासभर लागतो. रात्री उशिरा, थकलेल्या मुलांसह हा मार्ग घेऊ नका.

टॅक्सीच्या दरांवर तिथे सरकारी मर्यादा नाही, प्रत्येक कंपनी आपला दर ठरवते. मागच्या काचेवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. त्यावर ठळक छापलेला आकडा म्हणजे दहा किलोमीटर, पंधरा मिनिटांच्या नमुना फेरीचं भाडं. रांगेतल्या पहिल्या गाडीतच बसलं पाहिजे असा नियम नाही. दोन-तीन गाड्यांचे आकडे बघा आणि शहरापर्यंतचं ठरीव भाडं बसण्याआधी विचारा.

प्रश्न : किती रोख क्रोना न्यावेत? आणि मेट्रोचं कोणतं तिकीट? (कोल्हापूर)

रोख जवळजवळ लागतच नाही. अनेक दुकानं, उपाहारगृहं, संग्रहालयं रोख घेतच नाहीत, सार्वजनिक स्वच्छतागृहाचं दारही बऱ्याचदा कार्डाने उघडतं. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा, कारण एक अडकलं की सगळंच अडकतं. निघण्याआधी दोन्हींवर परदेशी वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय सुरू करून घ्या. स्वीडनमध्ये युरो चालत नाही. यंत्राने ‘रुपयांत भरायचे का’ असं विचारलं तर क्रोनाच निवडा, रुपयांतला दर नेहमी महाग असतो.

एकेरी तिकीट पंच्याहत्तर मिनिटं चालतं. तेवढ्यात मेट्रो, बस, ट्राम, लोकल आणि 82 नंबरची फेरीबोट, कितीही वेळा बदलता येतात. ढोबळ हिशेब असा की बहात्तर तासांचा पास साधारण नवव्या फेरीला वसूल होतो. रोज तीन किंवा अधिक फेऱ्या असतील तर पास, नाहीतर फाटकावर कार्ड टॅप करा. एका कार्डावर एकाच माणसाला जाता येतं, म्हणून घरातल्या सगळ्यांसाठी एकच कार्ड पुढे करू नका. मुलांची सवलतीची तिकिटं वाहतूक-संस्थेच्या ॲपवरून काढा, सात वर्षांखालच्यांना तिकीट नाही. बसचालक तिकीट विकत नाही.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलाला वासा जहाज दाखवायचं आहे. किती वेळ ठेवावा आणि काय बघायला सांगावं? (नागपूर)

अडीच तास ठेवा, आणि पहिल्या दिवसाच्या झोपाळलेल्या दुपारी नेऊ नका. अठरा वर्षांपर्यंत प्रवेश मोफत आहे. उन्हाळ्यात संग्रहालय सकाळी साडेआठला उघडतं, तेव्हाच जा. आत तापमान अठरा-वीस अंशांवर धरून ठेवलेलं आणि प्रकाश मंद असतो, म्हणून जूनमध्येही स्वेटर लागेल.

जाण्याआधी मुलाला गोष्ट सांगून ठेवा, मग प्रत्येक मजल्याला अर्थ येतो. राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने बांधून घेतलेलं हे युद्धनौकांमधलं अभिमानाचं जहाज 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच प्रवासाला निघालं आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन बुडालं, बंदराच्या आतच, लोक काठावर उभे असताना. तीसच्या आसपास माणसं गेली.

का बुडालं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. तोफांच्या दारांच्या दोन रांगा मोजायला सांगा, एकूण 64 तोफा होत्या. दोन मजले जड तोफा, त्यावर उंच नक्षीदार डेरा (जहाजाचा मागचा उंच भाग), आणि पाण्याखालचा भाग त्या मानाने अरुंद. तळाशी भार म्हणून दगड घातले होते, पण वरचं वजन तोलायला ते पुरेसे नव्हते. आणखी दगड घालायला जागा नव्हती, आणि घातले असते तर खालची दारं पाण्याला टेकली असती. वाऱ्याच्या झोताने जहाज कललं, उघड्या खालच्या दारांतून पाणी आत आलं, संपलं. निघण्याआधी चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं. तीन फेऱ्यांत जहाज इतकं डोलू लागलं की चाचणीच थांबवली. तरीही ते निघालं. मुलांशी बोलायला याहून चांगला विषय त्या इमारतीत नाही.

आणखी एक बारकावा. सुतारांच्या चार मोजपट्ट्या जहाजात सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, म्हणजे बारा इंचांच्या, आणि दोन ॲमस्टरडॅमच्या अकरा इंची फुटाच्या. जहाजाच्या दोन बाजू सारख्या नाहीत त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

मग 333 वर्षं पाण्यात राहून लाकूड टिकलं कसं? बाल्टिकचं पाणी इतकं कमी खारं आहे की लाकूड पोखरणारा समुद्रकिडा तिथे तगत नाही. आपल्या कोकणच्या पाण्यात असं लाकूड काही वर्षांत चाळण झालं असतं. 24 एप्रिल 1961 रोजी जहाज वर काढलं, आणि वाळताना ते तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल फवारत होते. आज दिसतं त्यातलं 98 टक्के लाकूड मूळचं आहे. तळमजल्यावरून सुरुवात न करता आधी सर्वांत वर जा, डेऱ्याचं कोरीवकाम बघा, मग खाली या. इंग्रजीतली मार्गदर्शित फेरी तिकिटातच असते, तिची वेळ आत शिरतानाच विचारून ठेवा.

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबं एकत्र जातोय. एक पूर्ण शाकाहारी (अंडंही नाही), आणि आम्ही मासे खाणारे. जेवणाचं कसं जमवावं? (मडगाव)

मुख्य जेवण दुपारी घ्या. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते दोनच्या दरम्यान बहुतेक उपाहारगृहांत ‘डागेन्स लुंच’ असतं. एक मुख्य पदार्थ, आणि त्याच पैशांत सॅलड, ब्रेड, पाणी, शेवटी कॉफी. दीडशे क्रोनाच्या आसपास, म्हणजे एका क्रोनाचे नऊ-दहा रुपये धरून, माणशी चौदा-पंधराशे रुपये. तेच टेबल संध्याकाळी दुपटीला जातं. शनिवार-रविवारी ही सोय क्वचितच असते, त्या दिवसांसाठी वेगळी तरतूद ठेवा.

शाकाहारी पदार्थ जवळपास सगळीकडे असतो, पण ‘वेजितारिस्क’ या शब्दात अंडं, दूध, चीज येतं. त्या मंडळींनी ‘विगान्स्क’ मागावं म्हणजे अंड्याची चिंता नाही. दुकानातल्या दही-मिठायांवर ‘शेलातीन’, चीजवर ‘लोपे’ हे शब्द तपासा. पहिलं जिलेटिन, दुसरं चीज विरजायचं रेनेट, आणि ते प्राण्यांचं असू शकतं. वेलदोडा घातलेला गोड पाव आवडेल, पण त्यात लोणी आणि बऱ्याचदा अंड्याचा हात असतो, विचारून घ्या. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर मिळालं तर दोन्ही कुटुंबांचा खर्च बराच खाली येईल. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

तुमच्यासाठी ‘स्तेक्त स्ट्रॉमिंग’, म्हणजे राईच्या पिठात घोळवून तळलेला बाल्टिकचा छोटा हेरिंग. तारल्याच्या जवळ जाणारी चव, बरोबर बटाट्याचा लगदा. ‘सिल’ म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग, त्यात साखर असते. आंबट-तिखटाची सवय असलेल्या गोंयकारांच्या जिभेला तो आधी चुकल्यासारखा वाटतो. मोहरीचा प्रकार आधी घ्या.

प्रश्न : डिसेंबरात गेलं तर चालेल का? स्टॉकहोममधून उत्तर-प्रकाश दिसेल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर-प्रकाशासाठी स्टॉकहोमला जाऊ नका. तो तिथे क्वचितच दिसतो आणि शहराचे दिवे उरलंसुरलं पुसतात. त्यासाठी किरूना-आबिस्कोकडे, ध्रुववृत्ताच्या वर, निदान तीन रात्री वेगळ्या काढाव्या लागतील.

डिसेंबरचं शहर मात्र सुंदर असतं, फक्त दिवस सहा तासांचा. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो. म्हणून उजेडाचे तास बाहेर घालवा आणि संग्रहालयं तीननंतर. आपल्याकडची सवय याच्या उलट असते. बुधवारी वासा रात्री आठपर्यंत उघडं असतं. राष्ट्रीय कलासंग्रहालय आणि आधुनिक कलासंग्रहालय सोमवारी बंद. स्तूरतोरिएत आणि स्कान्सेनला नाताळचा बाजार भरतो, 13 तारखेला लुसिया या दिव्यांच्या सणाच्या मिरवणुका असतात. 10 तारखेच्या आसपास नगरभवन पर्यटकांना बंद, आणि 24 आणि 25 तारखांना जवळपास सगळंच.

कपड्यांत होणारी चूक म्हणजे एकच जाडजूड जाकीट. बाहेर शून्याच्या आसपास आणि आत वीस-एकवीस अंश, म्हणजे संग्रहालयात घाम आणि बाहेर आल्यावर तोच घाम गार. अंगालगत पातळ लोकरीचा थर, वर स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन नको, ओलं राहतं. रस्त्यावर खडी टाकलेली असते, तरी बर्फ वितळून पुन्हा गोठला की काच होते. बुटांवर चढवायचे रबरी खिळेपट्टे, ‘ब्रॉद्दार’, तिथेच खेळाच्या किंवा बुटांच्या दुकानात मिळतात. पहिल्याच दिवशी घ्या.

प्रश्न : पैसे न देता बघण्यासारखं काही? (पुणे)

मेट्रोची स्थानकं. एका एकेरी तिकिटात होतं. निळ्या मार्गावरची स्थानकं खडक फोडून केली आहेत आणि खडकाचा खडबडीतपणा तसाच ठेवला आहे, त्यामुळे गुहेत उतरल्यासारखं वाटतं. टी-सेंट्रालेन या मध्यवर्ती मेट्रो स्थानकाच्या निळ्या फलाटावर पेर उलोफ उल्टवेट यांच्या निळ्या वेली आणि काम करणाऱ्या मजुरांच्या छाया आहेत. तिथून 11 नंबरने रोदहूसेत, मग सोल्ना सेंट्रुम. लालभडक आकाशाखाली लांबच लांब हिरवं जंगल, आणि त्यात 1970च्या दशकातलं ओस पडणारं खेडं, तोडली जाणारी झाडं. परत टी-सेंट्रालेनला येऊन लाल मार्गाने स्टाडियोन, जिथे आकाशी छतावर इंद्रधनुष्य आहे. बाहेर 1912च्या ऑलिंपिकचं मैदान. फाटकातून बाहेर न पडता हे सगळं तासाभरात बसतं. सकाळी साडेनऊ-दहानंतर जा, आणि सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा.

प्रश्न : तीन दिवसांत स्टॉकहोम, ऑस्लो आणि कोपनहेगन होतील का? (इंदूर)

नाही. स्टॉकहोमहून यांपैकी कुठेही रेल्वेने पाच तासांच्या वर लागतात, विमानानेही अर्धा दिवस जातो. तेवढ्याच वेळात वॅक्सहोम करा. ग्रँड हॉटेलसमोरच्या स्ट्रॉमकायेन धक्क्यावरून बोटीने तास-सव्वा तास, सुमारे तीस हजार बेटांच्या समूहाची ही तोंडओळख. सोळाव्या शतकातला राजा गुस्ताव वासा याच्या काळापासूनचा किल्ला समोरच आहे. बोटीने जा आणि 670 नंबरच्या बसने परत या. शेवटच्या बोटीची चिंता राहत नाही आणि मेट्रोचाच पास चालतो.

प्रश्न : व्हिसासाठी किती आधी अर्ज करावा? (सोलापूर)

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि निर्णय पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळ्यासाठी तीन महिने आधी जा. मे-जूनच्या भेटीच्या वेळा लवकर भरतात. शुल्क प्रौढांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45. विमा किमान 30,000 युरोंचा आणि पूर्ण मुक्कामाचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी.

हा शेंगेन व्हिसा युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो, म्हणून अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त रात्री आहेत. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरता त्या देशाकडे. नकार येतो तो बहुधा हिशेब न जुळल्याने. हॉटेलच्या तारखांत एक रात्र गायब, रजेच्या पत्रातली तारीख विमानाच्या तिकिटाशी न जुळणारी, किंवा अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम. ती कुठून आली याचा कागद जोडला तर अडचण नाही, न जोडला तर शंका येते. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. आणि फ्रँकफर्ट किंवा हेलसिंकीला विमान बदलत असाल तर पासपोर्ट-तपासणी तिथेच होते. ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे दोन विमानांमध्ये दीड तास पुरणार नाही. तीन ठेवा.